बाबांच्या कॉम्प्युटरला न पेलणारा आकडा

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझी पाठ कशी आहे? बाळाला दात आले का?

पत्र अशासाठी की, फोनवर तू "ताई, ऐक तर" म्हणत मला बोलूच देत नाहीस, आणि आपल्या प्रोग्रॅमच्या जाहीर पानावर लिहिलं तर पाच देशांतले लोक आपली जुंपलेली बघतील.

तुला कोणी सांगितलं होतं रे तो आकडा वाढवायला? कोडचा चालता प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या बिल्ड टूलचं किमान व्हर्जन ३.५ होतं, ते तू ३.२० केलंस, म्हणजे पाचावरून थेट विसावर उडी. का, तर तुझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर बिल्ड करताना एक पिवळी सूचना येत होती आणि ती साहेबांच्या डोळ्यांत खुपत होती. नव्या व्हर्जनमधलं एक तरी काही वापरलंस का? मी सगळ्या फायली पाहिल्या. काही नाही. नुसता आकडा. आणि तो वाढला की बाबांच्याकडचं जुनं टूल दारातच अडवतं, पुढे जाऊच देत नाही, हे तुला मी शिकवायला हवं?

आपला नियम काय होता? बाबांच्या कॉम्प्युटरवर बिल्ड झाल्याशिवाय तो आकडा हलवायचा नाही. तो नियम तूच लिहिलास. कपडे बेतायचा हा प्रोग्रॅम आपण दोघांनी लिहिला खरा, पण त्यातलं डोकं बाबांचं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस दर रविवारी चहा झाला की त्या खटाऱ्यासमोर बसतो, नवा कोड उतरवतो, वहीतल्या नऊ पायऱ्या बोट ठेवून एकेक करतो, बिल्ड झालं की एक बाही काढून मुंढ्याला बसते का बघतो, आणि मग आपल्याला कळवतो, "बाही बसली." त्याशिवाय आपण काही बाहेर सोडत नव्हतो.

तीन रविवारांपूर्वी बिल्ड झालं नाही. बाबा वाचतात शेवटची ओळ, ती म्हणाली 'अपूर्ण'. कारण वीस ओळी वर इंग्रजीत. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. अकरा वेळा केलं, वहीत अकरा रेघा आहेत. मग मला फोन केला, आणि मी घाईत होते. म्हटलं, "बाबा, एखादी पायरी विसरला असाल, नीट बघा."

विसरला असाल! कोणाला म्हणाले मी हे?

डॉक्टरांकडची ती स्मरणशक्तीची चाचणी तुला माहीत आहे. तीन शब्द सांगितले, बाबांना एकच आठवला. डॉक्टर म्हणाले होते, अजून नऊ-नऊ पायऱ्यांचं काम स्वतः करतायत ना, मग इतकं घाबरू नका. बाबा शेजारीच बसले होते. हे वाक्य मात्र ते विसरले नाहीत.

त्या अकरा रेघांच्या दिवसापासून ते कॉम्प्युटरसमोर बसलेले नाहीत. गेल्या रविवारी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तपासणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा. उगाच माझ्यामुळे चुकीचं काही बाहेर जायला नको." तेव्हा कुठे मी त्या वीस ओळी वर जाऊन वाचलं. डोक्यात अशी तिडीक गेली की तू समोर असतास तर कान उपटला असता.

आता ते लिहिते, जे लिहायचं मी तीन पानं टाळतेय. दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय आपल्यात कुणाचाच बदल आत जात नाही. तुझा हा बदल मी मंजूर केला. दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघत होते, फोनवर आला, एका ओळीचा तर आहे म्हणून न वाचता बटण दाबलं. त्यामुळे सगळं खापर तुझ्यावर फोडायची सोय मला नाही. म्हणून तर इतका संताप होतोय.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. चूक आमची, तुमची एकही पायरी चुकली नव्हती. ते हसले. म्हणाले, "राहू दे पोरी, समजूत काढू नकोस. आमच्या आईला विसर पडायला लागला, तेव्हा तिलाही आम्ही असंच सांगायचो."

त्यांना आता आपल्या दोघांच्या बोलण्याने पटणार नाही. त्यांच्याच हातून, त्याच नऊ पायऱ्यांनी बिल्ड झालं तरच पटेल. आकडा पुन्हा ३.५ कर. कारणं नकोत, माफीचे निबंध नकोत. तुझी पिवळी सूचना तू सहन कर. बदल आला की मी अक्षर न् अक्षर वाचून मंजूर करेन, आणि मग वही घेऊन त्यांच्यासमोर बसेन. ते उठून येतील की नाही, मला माहीत नाही. नाही आले, तर त्यांना घालवणारे आपण दोघं.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्याइतकीच चुकलेली,
ताई