दुकान वाढवण्याबाबत

६ फेब्रुवारी
धुळ्याला जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्याचा खरा खर्च नोंदवून ठेवतो : जाऊन-येऊन एकशे नव्वद किलोमीटर, सात कप चहा, लिलाबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम बिनकांद्याची केलेली शेवभाजी दोन वेळा, आणि अख्खा दिवस. वाक्य जसंच्या तसं जळगावला परत आणलं.

वाक्य असं : "भिकनभाऊ, धुळ्याचं दुकान आपण बंद करतोय."

भांड्यांचं ते दुकान बारा वर्षं भिकनभाऊ सांभाळतो. लिलाबाई त्याची बायको. हल्ली गिऱ्हाईक येत नाही. जागेचा करार ३१ मार्चला संपतो. त्याआधी त्याला सांगितलं तर दुसरीकडे काम तरी बघेल. माझा निर्णय पक्का आहे. जागामालक गिरधरशेठ तिथंच बसले होते. शेजारचा गाळा रिकामा झालाय, घेऊन टाका, म्हणाले. मी "पाहू" म्हणालो. म्हणजे नाही. हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं.

भिकनभाऊने दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा चहाच मागवला.

८ फेब्रुवारी
लेक चेलना पुण्याहून आली. मानसशास्त्रात एम.ए. करते. तिचं म्हणणं, माणूस काय बोलतो आणि काय बोलायचं टाळतो, हे त्याच्या संस्कृतीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी म्हटलं, इतरांचं असेल. मी अमळनेरला सायकलवर स्टीलचे डबे विकायला सुरुवात केली. दुकानं, घर, गाडी, सगळं स्वतः उभं केलं. मनसुद्धा स्वतःच घडवलंय. त्यात संस्कृतीची एक पैशाची भागीदारी नाही.

तारादेवी स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, मग आज दुकान जरा लवकर बंद करून या. मी तिला म्हटलं, बंद म्हणू नये, वाढवून या म्हणावं. रात्री दुकान बंद होत नसतं, वाढवलं जातं. हा भाषेचा प्रश्न आहे.

चेलनाने लगेच वहीत काहीतरी लिहून घेतलं. अभ्यासू पोरगी आहे.

१२ फेब्रुवारी
संकल्प : रोज सकाळी आरशासमोर ते वाक्य दहा वेळा म्हणायचं. आज पहिला दिवस. शेवटून दुसऱ्या शब्दातल्या "बं"पर्यंत व्यवस्थित पोचलो. पुढे खोकला आला. हवा बदललीय.

१५ फेब्रुवारी
भिकनभाऊला फोन केला. एकवीस मिनिटं बोललो. रावेरच्या केळीला भाव काय, त्याचा गुडघा, माझा गुडघा, ऊन. शेवटी तो म्हणाला, शेठ, अजून काही? मी म्हटलं, बस, हेच. बरं, येतो. फोनवरून कोण कुठे येतो, असं चेलनाने विचारलं. प्रत्येक गोष्टीत सिद्धांत शोधू नये.

१७ फेब्रुवारी
आज सांगणारच होतो. अमावस्या निघाली. मी मानत नाही, पण भिकनभाऊला वाईट वाटायला नको. तारादेवी म्हणाली, तो बौद्ध आहे, तो कुठे अमावस्या मानतो. मी म्हटलं, त्याचं गिऱ्हाईक मानत असेल. तारादेवी म्हणाली, गिऱ्हाईक येत नाही म्हणूनच तर सांगायचंय ना.

तिला व्यवहारातलं बारीक कळत नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
काम फत्ते. व्हॉट्सॲपवर लिहिलं : "भिकनभाऊ, धुळ्याचं दुकान आता कायमचं वाढवून टाकू. मार्चच्या आत. गिरधरशेठशी बोलून घ्या." एक अक्षर लपवलं नाही.

दहा मिनिटं निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग उत्तर आलं : "मोठा निर्णय लिधा शेठ. काय काळजी करू नका, बठ्ठं मी करसू." म्हणजे सगळं तोच करणार. खाली हात जोडलेले.

किती शांतपणे घेतलं. चेलनाला म्हटलं, बघ, स्पष्ट बोललं की माणूस समजून घेतो. नेमके कोणते शब्द वापरले, असं ती विचारत होती. मी म्हटलं, शब्दांना एवढं महत्त्व देऊ नये.

२६ फेब्रुवारी
गिरधरशेठकडून कागद आले. जागा सोडण्याचेच असणार. वाचायला घेतले की पहिल्याच ओळीत तो शब्द दिसणार, आणि सकाळची वेळ. न वाचता तीन ठिकाणी सही केली. मी कागद नाही, माणूस वाचतो.

३ मार्च
भिकनभाऊचा फोन. मागे ठोकाठोक चालली होती. रॅक निघताहेत. ताट वाजवून पत्र्याची जाडी सांगणारा माणूस आहे मी, मला कानानं फसवणं अवघड. तो म्हणाला, शेठ, मधली भिंत पाडतोय. जागा पूर्वी होती तशी करून देतोय म्हणजे. असा प्रामाणिक माणूस आजकाल मिळत नाही.

९ मार्च
भिकनभाऊने विचारलं, बोर्ड किती फुटी करू. सेलचा बोर्ड असणार. मी म्हटलं, मोठाच करा, जाताना हात आखडता कशाला. तो म्हणाला, कुठं जाताय शेठ? मी हसलो. तोही हसला. दुःख लपवतोय.

१८ मार्च
उद्या पाडवा. भिकनभाऊने आग्रहाने बोलावलंय, वहिनींनाही आणा म्हणाला. निरोपाचा छोटा कार्यक्रम दिसतो. त्याच्यासाठी घड्याळ घेतलं. तारादेवी म्हणाली, पाडव्याला कोणी निरोप देतं का. मी म्हटलं, आपण मुहूर्त मानत नाही.

१९ मार्च
दोन गाळ्यांचं दुकान आहे. मधली भिंत नाही. बोर्ड अठरा फुटी, त्यावर "भव्य विस्तार" आणि माझं नाव. तारादेवीने बोर्ड वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि लिलाबाईंशी साड्यांबद्दल बोलू लागली.

माझ्या हातात कात्री दिली. आता सांगायलाच हवं होतं. चाळीसेक माणसं उभी होती. मी घसा साफ करून "बं" म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. पुढे "बंधूंनो" झालं आणि सात मिनिटं भाषण झालं. टाळ्या चांगल्या पडल्या. फीत कापली.

जेवायला लिलाबाई वाढत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, सोनगीरला हायवेवरच्या पंपावर ह्यांची नोकरी ठरली होती, घरापासून पाच मिनिटांवर, बसून करायचं काम. तुम्ही मागच्या महिन्यात आलात तेव्हा सांगणारच होते, पण तुमच्यासमोर ह्यांचं तोंड उघडेना. मग तुमचा मेसेज आला. म्हणाले, शेठने एवढा भरोसा टाकला, आता कसं नाही म्हणू. पंपावर दुसरा माणूस लागला.

पलीकडे भिकनभाऊ पाहुण्यांना नवी मांडणी दाखवत होता. एक पाय ओढत चालत होता. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. मीही जोडले.

निघताना गिरधरशेठने कराराची प्रत दिली. गाडीत वाचली. दोन्ही गाळे, नऊ वर्षं. तिन्ही ठिकाणी सही माझीच आहे.