उलट पाळी आणि एक राहिलेला शब्द

मी, जुन्या भाषेतला धर्मग्रंथ आजच्या बोलीत आणण्यात आयुष्य घालवलेला अविवाहित गृहस्थ, हे मृत्युपत्र स्वहस्ताने लिहीत आहे. शरीर कुरकुरते, पण डोके जाग्यावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. पुतण्याने घाई मात्र पुष्कळ केली, पण घाई म्हणजे दडपण नव्हे, असे वकिलांचे मत पडले. याआधी मी मृत्युपत्र केल्याचे कोणी सांगितल्यास त्याने ते मनचे सांगितले असे समजावे.

१. घराचा खालचा मजला माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या मागे वहिनींच्या नावावर आहेच. वरचा मजला माझ्या मालकीचा आहे, तोही वहिनींना द्यावा व त्यांच्या पश्चात पुतण्याला. वाचनाच्या खोलीतले टेबल आणि त्याच्या दोन बाजूंच्या समोरासमोरच्या खुर्च्या वहिनी असेपर्यंत हलवू नयेत. पुतण्याचा त्या खोलीवर दुकानातला जास्तीचा माल ठेवण्यासाठी डोळा आहे. तो डोळा त्याने तूर्त मिटून घ्यावा.

२. बँकेतली शिल्लक दवाखान्याचे बिल व अंत्यविधी यांसाठी वापरावी. उरेल ते पुतण्याचे. पोरगा उतावळा आहे, पण माझ्या आजारपणात त्याने कधी तोंड वाकडे केले नाही, हेही कागदावर असावे.

३. माझे मोठे भिंग आमच्या प्रकाशकांना द्यावे. त्यांना वहिनी आणि मी, भाषांतर करणारे आम्ही दोघे, घाईबुवा म्हणतो, हे आता त्यांना कळले तरी चालेल. दुसरा अर्थ समासात बारीक अक्षरांत देण्याची आमची पद्धत त्यांना खुपते. "समास काढा. लोक गोंधळतात. देव काय दोन-दोन गोष्टी बोलतो?" असे ते मला तोंडावर म्हणाले. नव्या आवृत्तीत समास नसेल, हे त्यांनी ठरवूनच टाकले आहे. या भिंगातून त्यांनी निदान एक समास वाचून पाहावा.

४. आता मुख्य गोष्ट. भाषांतर पूर्ण झाले आहे, फक्त एक शब्द राहिला आहे. शोकात बुडालेला माणूस देवाला हाक मारतो आणि देव म्हणतो, "मी तुला..." पुढच्या क्रियापदाचा अर्थ "ऐकले" असाही होतो आणि "उत्तर दिले" असाही. जाणकारांत दोन्ही बाजूंना तोलामोलाची माणसे आहेत. समास गेल्यामुळे छापायचा एकच. करारानुसार त्यावर वहिनींची आणि माझी संमती लागते, आणि मला फार दिवस उरलेले नाहीत.

आमच्या खोलीत दादांनी घालून दिलेला एक नियम आहे. शब्द अडला की वाचन थांबवायचे आणि प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची, स्वतःची नाही. समोरचा "हो, माझं म्हणणं हेच" असे म्हणेपर्यंत सुटका नाही. याला आम्ही उलट पाळी म्हणतो. दादा हे करताना इतके रंगत की आपली मूळ बाजू कोणती हे त्यांना विचारावे लागे.

या एका शब्दाची उलट पाळी मात्र आम्ही टाळत आलो. कारण दादांच्या शेवटच्या आजारात वहिनींनी देवाकडे एकच मागणे मागितले आणि ते मिळाले नाही. ते गेल्यावर त्या प्रथम खोलीत आल्या तेव्हा नेमकी हीच ओळ समोर होती. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "उत्तर दिले."

मी भडकलो. "कसलं उत्तर, वहिनी? दादा कुठे आहेत?"

"ते मला अजून वाचता आलेलं नाही, भावोजी. म्हणून दिलंच नाही असं कसं म्हणू?"

इतके धैर्य मी दुसऱ्या कोणात पाहिलेले नाही. तरीही मी "ऐकले" वर अडून राहिलो. देवाच्या तोंडी त्याने न पाळलेला शब्द घालायला माझा हात धजावेना.

परवा दुपारी, डॉक्टर जाताच, वहिनींनी माझी खुर्ची टेबलाशी ओढली. "चला. आता टाळायचं नाही. आधी मी."

त्यांनी माझी बाजू मांडली. म्हणाल्या, "उत्तर काय, कोणीही देतं. दुकानदार देतो, कारकून देतो. शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसं मला दोनच भेटली. एक तुमचे दादा आणि दुसरे तुम्ही. मी एवढं रडले, कोणीतरी ते सगळं ऐकलं असेल, तर मला पुरे आहे." मी "हो, माझं म्हणणं हेच" म्हणालो, पण खरे तर माझे म्हणणे इतके सुंदर कधीच नव्हते.

मग माझी पाळी. मी म्हणालो, "दादा गेल्यावर तुम्ही याच ग्रंथाशी पुन्हा भांडायला येऊन बसलात. पलीकडून काहीच आलं नसतं तर माणूस परत येतो का? तुम्ही आलात, वहिनी. मला तर तेच उत्तर वाटतं." नियम म्हणून बोलायला लागलो होतो आणि अर्ध्यावर मलाच डोळे पुसावे लागले. माझी खात्री पटली होती.

मी वर पाहिले, तर वहिनीही डोळे पुसत होत्या. "भावोजी, मला आता 'ऐकले' हेच बरोबर वाटतंय."

म्हणजे भांडण जिथल्या तिथे, फक्त माणसे बदलली. आम्ही हसत सुटलो. पुतण्या धावत आला, त्याला वाटले मला झटका आला.

तो नेहमी विचारतो, लिहिणाऱ्याला देवाची प्रेरणा होती, तर शब्द संदिग्ध कसा राहिला? प्रेरणा उतरताना मी कधी पाहिलेली नाही. पण समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडणारी वहिनी मी पाहिली आहे, आणि त्या दुपारी, पुतण्या धावत येण्याआधीही, खोलीत आम्ही दोघेच नव्हतो, असे मी पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो.

५. सबब या शब्दाबाबतचा माझा अधिकार मी विनाअट वहिनींना देत आहे. त्या "ऐकले" छापतील. छापू द्यावे. घाईबुवांनी मध्ये पडू नये.

६. अंत्यविधीच्या वेळी ती ओळ वहिनींनीच वाचावी. त्या वेळी माझी बाजू मांडायला मी नसेन, म्हणून नियमाप्रमाणे ती त्यांनी मांडावी. छापलेला शब्द बाजूला ठेवून, मोठ्याने, एकदाच, "उत्तर दिले" असे म्हणावे. मला "हो" म्हणता येणार नाही. ते माझ्या वतीने पुतण्याने म्हणावे.

वहिनींना साक्षीदार करावे अशी माझी इच्छा होती. परंतु ज्यांना काही मिळायचे आहे त्यांना साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले.

हे मी लिहिले, वाचले, आणि कबूल करून सही केली.

सही: मृत्युपत्र करणार, वहिनींचे भावोजी

साक्षीदार: १. सही, घरचे डॉक्टर. २. सही, समोरचे चष्मेवाले.

ठिकाण: वाचनाची खोली, खिडकीकडची खुर्ची
दिनांक: मजकूर छपाईला जाण्याआधीचा सोमवार