बाबांचं ‘हो’

दि. ४ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

तुझ्या पत्राची वाट बघून डोळे शिणले, म्हणून शेवटी मीच लिहायला बसले. घरी सगळे ठीक. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, पण जेवण नीट जातं. बोलणं तेवढं परत आलं नाही. झटका आल्यापासून तोंडातून एकच शब्द निघतो, ‘हो’. जेवलात का, हो. भूक लागली का, हो. डॉक्टरांनी विचारलं दुखतंय का, तर हसून हो. हसावं की रडावं कळत नाही.

आता कामाचं. जुन्या वाचनालयाच्या मोठ्या दालनाचा गिलावा बाबांच्या जागी मी अंगावर घेतलाय. खालचे थर लहानपणापासून देत आले, त्याची भीती नाही. पण शेवटचा बारीक चुन्याचा थर दिला की तो जरा सुकून आवळेपर्यंत थांबायचं आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचं, हे बाबा कधी कुणाला करू देत नसत. लवकर घोटलं तर चुना दगडाला चिकटून निघतो, उशीर झाला तर पापुद्रे सुटतात. नेमकं कधी, ते मला ठाऊक नाही. म्हणून तू शाळांसाठी केलेली त्यांची फिल्म लावली. त्यात बाबा थर देतात आणि पुढच्या क्षणी घोटायलाच लागतात! मधला वेळ कुठे गेला रे? कापलेलं काही शिल्लक असेल तर ताबडतोब पाठव. दुरुस्तीवरच्या इंजिनिअरसाहेबांनी बजावलंय, नमुन्याची भिंत जमली नाही तर सगळ्या दालनाला सिमेंट फासून रंग मारणार.

मी रागावलेली नाही. वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच उठलो. स्टुडिओतलं सगळं चित्रण पुन्हा बघितलं. मधलं काही नाही, ताई. कापलेलं नाही, घेतलेलंच नाही. थर दिल्यावर बाबांनीच कॅमेरा बंद करायला लावला. म्हणाले, आता काही घडत नाही, उगाच दिवे कशाला जाळतोस. तू ओळखतेसच त्यांना, रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस!

मग आम्ही पायरीवर चहा पीत बसलो. तुझंच चाललं होतं, की पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, फक्त धीर नाही. मधेच उठून आत जायचे, भिंतीला बोटाची पाठ लावायचे आणि येऊन गप्पा पुढे चालू. मला वाटलं, नुसती चुळबुळ चाललीय. मग एकदा आतूनच हाक मारली, चल, लाव तुझं यंत्र. अर्धा तास गेला म्हण, दोन तास म्हण, मला खरंच आठवत नाही.

बाबांना विचारून बघ. काही खूण, काही इशारा मिळेल. मी दगडी कमानींच्या फिल्ममध्ये अडकलोय, सुटका नाही. नुसता तळमळतो आहे.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा बारक्या

दि. १९ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

बाबांना खुर्चीसकट उचलून दालनात नेलं. चुन्याचा वास आल्याबरोबर ताठ बसले. मी थर दिला, थोडी थांबले, त्यांचा डावा हात धरून बोटाची पाठ भिंतीला लावली आणि विचारलं, झालं का? हो म्हणाले. चेहरा असा खुलला म्हणून सांगू! पण मला शंका आली. विचारलं, अजून थांबू का? हो. तेवढ्याच खात्रीने. मग मान हलवा म्हटलं, डोळे मिटा म्हटलं, हात दाबा म्हटलं. सगळ्याला हो. शेवटी इतकी चिडले की त्यांच्यावर ओरडले. बिचारे घाबरून माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा हो म्हणाले. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

माझ्या मनाने घोटायला घेतलं, तर हातभर चुना उतरून पायावर पडला. दुसऱ्या दिवशी जास्त थांबले, तर कडेने पापुद्रे. इंजिनिअरसाहेब ओरडले नाहीत. सोमवारपर्यंत बघू म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

बाबांना भिंतीतलं सगळं कळतंय आणि बाहेर काढता येत नाही, की आतही आता फक्त हो उरलंय? तुला काय वाटतं?

तुझी ताई

दि. २२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाबांच्या हाताखाली काम केलेल्या एका मिस्त्रींना गाठलं. म्हणाले, घोटायच्या वेळेला तुझे वडील आम्हाला चहाला पिटाळायचे. झालं, तोही दरवाजा बंद.

आणखी एक सांगायला लाज वाटते. आपली फिल्म आता सगळ्या तंत्रशाळांत दाखवणार आहेत. आमच्या साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, किती सोपं करून दाखवलंय! मान डोलावून आलो.

काळजी वाटते, लवकर लिही.

तुझा बारक्या

दि. २८ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

सोमवारीही भिंत जमली नाही. आज सिमेंटची पोती दालनात येऊन पडली. इंजिनिअरसाहेब म्हणाले, तुमच्या कष्टांत कसूर नव्हती. मी अवजारं धुऊन घरी आणली.

संध्याकाळी बाबांचे पाय पुसत होते. पुसता पुसता विचारलं, बाबा, मी हे काम सोडून देऊ का? त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि हो म्हणाले.

करत राहू का, असं विचारायची मला हिंमत झाली नाही.

जमेल तसा येऊन जा. माया आहे तशीच असू दे.

तुझी ताई