नाल्यावरचा वाघ

बुधवार, १४ मार्च १९७३. नागपूर

दुपारच्या बसने आईला गावाहून घेऊन आलो. ती जेवली आणि झोपली.

काल नाल्यावर बाबांचा दहावा झाला. कावळा पिंडाला शिवेना. सगळे वाट पाहत असताना पलीकडच्या काठावर वाघ पाणी प्यायला आला. नाला अरुंद, एका उडीत तो आमच्यात आला असता. मान वर करून त्याने पाहिलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं. आईने हात जोडले आणि सरळ पाण्यात पाय टाकला. मी तिचा दंड धरला.

मामा म्हणाले, "काहून अडवतं गा? तुहा बाप भेटाले आला. शहरात राहून बापही ओळखू येईना तुले?"

वाघ निघून गेला. पण आज सकाळी आई पोळी बांधून नाल्याकडे निघाली. "त्याइले देऊन येतो. उपाशी गेले ते."

मी एरवी तिच्याशी वाद घालत नाही. आज दारात उभा राहिलो. म्हणालो, "आई, ते बाबा असते तर तुले पाण्यात उतरू दिलं असतं का?"

ती थांबली. रानात बाबा नेहमी पुढे चालायचे. झुडूप हललं तरी तिच्यावर ओरडायचे, मागं हो म्हणून.

"लय ओरडले असते," ती म्हणाली. हसली, मग रडली, आणि बांधलेली पोळी सोडून परत आत ठेवली.

तो वाघ होता, तहानलेला. मला शंका नाही. हनुवटीवरचं ते पाणी मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. बाबा ओंजळीने प्यायचे तेव्हा... नको. वाघच होता.

प्रवासाचे कपडे धुतले आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातले.