पांढरा बोर्ड

गुढियारी, मंगळवार, संध्याकाळ

बरेच दिवस लिहायचं टाळून राहिलो. आज भीती वाटते, म्हणून वही उघडली.

नवं राज्य झालं, आमचं शहर त्याची राजधानी झालं, आता साऱ्या सरकारी ऑफिसांचे बोर्ड बदलून राहिले. बाबांनी जन्मभर उन्हात उभं राहून दुकानांची नावं रंगवली. अशी वेळ पेंटरच्या आयुष्यात एकदाच येते, आणि नेमके आत्ताच ते शिडीवरून पडले. उजवा हात प्लास्टरमध्ये, मुक्काम नागपूरला आत्याकडे. नशीब त्यांच्या दारी आलं आणि दार उघडलं मी, ज्यानं आजवर रेल्वेनं भटकण्याशिवाय काही केलं नाही.

काल एका सरकारी ऑफिसातले बाबू पहिला कोरा बोर्ड रंगवायला घेऊन आले, म्हणाले, "पेंटर साहब के लड़के हो ना? फिर तो खून में होगा।" मी हव म्हणून बसलो. काहून म्हटलं? रक्तात काय असते? मले तर ब्रश धुण्यापलीकडे काही येत नाही. हा पहिला बिघडला तर बाकीचे बोर्ड दुसऱ्याकडे जातील, वर बाबांचं नाव खराब.

उद्या सकाळी ते बोर्ड न्यायला येतील. दुपारी आईनं खडूच्या दोरीचं एक टोक धरलं, तरी रेघ तिरपीच. "रेघ येत नाही अन् निघाला राजधानी रंगवायला," म्हणाली. पुसून टाकली आणि घरामागून जाणारी मालगाडी पाहत बसलो. आता बोर्ड भिंतीकडे फिरवून ठेवला, तरी डोळ्यांपुढे पांढराच.

आई अंगणातून हाक मारून राहिली. बाबा आले. नागपूरहून, न कळवता, हात गळ्यात बांधून. कोणी सांगितलं त्यांना? रिक्षातून उतरायच्या आधीच विचारून राहिले, "बोर्ड कुठाय?"