पार्कासाठी घेतलेली लेन्स

भोर, मंगळवार, जानेवारी २००२

लेन्स आणली. आनंद वगैरे काही वाटत नाही.

हायवेवरच्या नव्या पार्कात संध्याकाळी पाळण्यांत बसलेल्या लोकांचे फोटो काढायचं काम मिळालंय. पण माझ्या फोटोंत अंधारातले चेहरे सगळे धूसर येतात. दोष मी जुन्या झूम लेन्सला देत होतो. म्हणून आज बायकोला, रुक्सानाला, घेऊन पुण्याला गेलो आणि कमी उजेडात चालणारी लेन्स मागितली. दुकानदाराने दिवे मालवून दोन लेन्स आळीपाळीने लावून दिल्या. म्हणाला, "समोरच्या खोक्यावरची अक्षरं कशातून नीट दिसतात, बघा."

मला दोन्हींतून काळोखच दिसला. अक्षरं सोडाच, खोकासुद्धा नाही. म्हणालो, दोन्ही काही खास नाहीत. मग रुक्सानाने कॅमेरा डोळ्याला लावला. "दिसतंय की सगळं," ती म्हणाली आणि खोक्यावरची अक्षरं वाचू लागली. आमच्या जुन्या लेन्समधूनसुद्धा वाचली.

अब्बा चाळिशीनंतर दिवेलागणीला भिंत चाचपत चालायचे. मला हे आधी कसं सुचलं नाही? की सुचलं होतं?

लेन्स तरीही घेतली. का, ते माहीत नाही. एसटीत रुक्साना एवढंच बोलली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. पार्कात मी येते. फोकसचं तुमी माझ्यावर सोडा." मी व्हय म्हणालो.

भोरला उतरलो तेव्हा अंधारलं होतं. भर बाजारात तिने माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा कधी धरला नव्हता. मी सोडवून घेतला नाही.