बिनकामाची भिंत राहू देण्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम निरीक्षक,
ढिगारा उपसा कचेरी, पूर्व विभाग, कासल.

विषय : टीले यांच्या जागेतील विनापरवाना भिंत न पाडण्याबाबत.
संदर्भ : आपली कालची नोटीस.

महोदय,

१. मी विटा साफ करणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. सदर जागेवर बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घराची एकच भिंत उरली होती. गेल्या गुरुवारी ती आम्ही पाडली, चुना खरवडला व विटा शाळेच्या कामावर पाठवल्या. त्याबद्दल टोळीला शाबासकीही मिळाली.

२. भिंतीवर खडूने काही लिहिले होते. घर गेलेली माणसे आपला नवा पत्ता पडक्या भिंतीवर लिहून जातात, हे आपणांस ठाऊक आहे. मलाही होते. तरी मी वाचले नाही.

३. शनिवारी श्री. रायनहोल्ड टीले युद्धकैदेतून सुटून आले. "बाई, इथली भिंत कुठं गेली?" त्यांनी विचारले. "अहो, एकूण एक वीट शाबूत निघाली," मी फुशारकीने सांगितले. ते खरवडलेल्या चुन्यात अक्षरे शोधू लागले. त्यांच्या पत्नी मेटा यांचा पत्ता आम्हीच खरवडला होता.

४. आमच्यातील ट्रूडे सांगते की, पावसाने अक्षरे धुतली की एक बाई मुलीला घेऊन कुठल्याशा गावाहून चालत येई व पुन्हा गिरवून जाई. कचेऱ्यांतून चौकशी केली, नाव सापडत नाही. सध्या पाऊस लागून आहे. बाई येतील आणि सपाट जागा पाहून माघारी जातील. कदाचित येऊनही गेल्या असतील.

५. म्हणून रविवारी आम्ही दुसऱ्या ढिगाऱ्यातील विटांनी ती भिंत पुन्हा बांधली. उपयोग काय, असे आपण विचारता. काहीही नाही. ना छप्पर, ना खोली. बाईंना ओळखू यावी म्हणून मुद्दाम पडकी बांधली आहे. आमची गवंडीण उर्सुला कुरकुरली, "जन्मभर ओळंबा धरला, आता वाकडं बांधा म्हणता. हाताला जमायला नको?" श्री. टीले यांनी तिच्यावर आपले नाव लिहिले असून ते तिथेच बसून असतात.

६. त्या नावाखाली आता अनोळखी माणसांनीही आपापले पत्ते लिहिले आहेत. पाडण्याचा हुकूम कायमच राहिला, तर तो कृपया दुसऱ्या टोळीस द्यावा. आमच्या बायका हल्ली आधी वाचतात, आणि मग त्यांच्याने हातोडी उचलवत नाही.

आपली कसूरवार,
ओटिलिए क्रान्त्स
१३ नोव्हेंबर १९४६

सोबत : खडूचा तुकडा, एक. आपल्या कचेरीतील कोणाचे माणूस परतायचे राहिले असल्यास डाव्या कोपऱ्यात थोडी जागा ठेवली आहे.